मदत हवी आहे: बंदी आलेला पैलवान भाऊ बालगृहात कामाला लागलाय, मुलांना खरं सांगावं का?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ पैलवान. कोल्हापूरच्या तालमीत वाढला, पुढे मॅटवर खेळला. लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं आणि नाडाने (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने) चार वर्षांची बंदी घातली. औषध जाणूनबुजून घेतलं होतं, हे तो कुणापासून लपवत नाही. गावात त्याच्या सत्काराचे फ्लेक्स लावणारेच नंतर त्याला बघून रस्ता बदलायला लागले. आता तो मुलांच्या बालगृहात काळजीवाहक आहे.

पहाटे चारला उठायची सवय असल्याने आंघोळी, डबे, शाळेची तयारी सगळं वेळेत होतं. अडतं ते बोलण्यात. तालमीत वस्तादांनी डोळे वटारले की पोरं चिडीचूप. इथे अंथरूण ओलं करणाऱ्या आठ वर्षांच्या पोरावर ओरडायचं नसतं, हे त्याला कळतं, तरी आवाज चढतोच. मग रात्री मला फोन करून हळहळत बसतो.

त्यात मोठ्या मुलांनी त्याचे कुस्तीत मोडलेले कान बघून तो पैलवान आहे हे ओळखलं आणि फोनवर जुनी बातमी शोधून काढली. पंधरा वर्षांच्या एकाने विचारलं, "सर, महिन्यात बॉडी होईल असं इंजेक्शन तुम्हाला माहीत असेल ना?" अधीक्षक म्हणतात, विषयच काढू नका, संस्थेचं नाव जाईल. मला हे मुळीच पटत नाही. वाढत्या वयात स्टेरॉइड घेतलं तर उंची खुंटते, यकृताची वाट लागते. हे त्या पोराला भावाने सांगितलं तर तो ऐकेल. नाहीतर उद्या जिममध्ये कुणालातरी विचारेल.

मुलं कुस्ती शिकवा म्हणूनही मागे लागलीत. बंदी असताना शिकवलं तर नियम मोडेल अशी त्याला भीती वाटते, म्हणून तो नाही म्हणतो.

बालगृहात किंवा समुपदेशनात काम केलेल्यांनी कृपया सांगा. स्वतःची गोष्ट मुलांना किती आणि कशी सांगावी? समुपदेशकांना सोबत घेऊन बसावं का? अधीक्षक अडूनच बसले तर बाल कल्याण समितीकडे जाणं योग्य की त्याच्या नोकरीवरच येईल? नाडाच्या परवानगीने जनजागृती कार्यक्रमात बोलता येतं, तसं कुणी केलंय का? आणि तो बी.ए. आहे, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) करावं म्हणतो. पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेत किंवा मुंबईत टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) शिकलेलं कुणी असेल तर प्रवेशाच्या मुलाखतीत बंदीबद्दल कसं बोलावं, तेही लिहा.