एकट्या मुख्याध्यापकांवर सोडून भागत नाही
मुख्याध्यापक खमके असले की शाळेचं गणित आपोआप सुधारतं, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटलं. मी इंग्लंडमधल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत सहायक शिक्षिका आहे. (शाळा चर्चची असली तरी सरकारी अनुदानावर चालते, फी नाही.) आमच्याकडे फरक पडला तो दुसरीच्या वर्गशिक्षिकेकडे गणिताची जबाबदारी दिल्यावर, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी तिला आठवड्यातली एक दुपार मोकळी ठेवल्यावर.

त्या दुपारी ती आमच्या वर्गांत येते, पण तपासणीला नाही, मुलांशेजारी बसते. एकदा ८ + ६ चाललं होतं. एक मुलगा बोटं मोजत होता. तिने दहा घरांची चौकट पुढे सरकवली, आठ लाल सोंगट्या मांडल्या, बाजूला सहा पिवळ्या ठेवल्या आणि गप्प राहिली. बऱ्याच वेळाने त्याने दोन पिवळ्या उचलून रिकाम्या घरांत ठेवल्या. "दहा आणि चार!" ते गप्प राहणं मी तिच्याकडून शिकले.

पाढे पाठ हवेतच. इथे चौथीला २०२२ पासून पाढ्यांची सक्तीची चाचणी आहे, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. २०२४ पासून प्राथमिक गणिताचं नेतृत्व करणाऱ्यांसाठी वेगळा राष्ट्रीय प्रशिक्षणक्रमही आहे. पण प्रशिक्षण घेऊन आलेल्या शिक्षिकेला दिवसभर स्वतःचाच वर्ग सांभाळावा लागला, तर ती सहकाऱ्यांच्या वर्गांत जाऊन बसणार कधी? तुमच्या शाळेत अशी कोणी असेल, तर आधी तिचं वेळापत्रक बघा.