तुर्कस्तान, तुर्की, तुर्किये आणि जुने ‘रूम’

प्रश्न

इस्तंबूल शहराच्या इतिहासावरील एका दीर्घ लेखाचे मुद्रितशोधन सध्या माझ्याकडे आहे. त्याच्या पहिल्याच पानावर एका देशाची चार नावे आली आहेत: तुर्कस्तान, तुर्की, टर्की आणि तुर्किये. लेखकांना विचारले असता त्यांनी ‘जे योग्य वाटेल ते सर्वत्र करा’ असे कळवले, त्यामुळे निर्णय माझ्यावर आला आहे. दुसरी अडचण ‘रूम’ या शब्दाची आहे. लेखात एके ठिकाणी कोन्या या आशियातील शहरातून राज्य करणारे ‘रूमचे सुलतान’ येतात, तर तीन परिच्छेदांनंतर ‘रुमेली’ म्हणजे युरोपातील मुलूख असे सांगितले आहे. हे दोन्ही ‘रूम’ एकच आहेत, की माझी किंवा लेखकांची काही गफलत होत आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपली गफलत नाही आणि लेखकांचीही नाही. दोन्ही ‘रूम’ एकच आहेत. मात्र त्याचा उलगडा करण्याआधी देशाच्या नावाचा प्रश्न घेतो, कारण तो तुलनेने सोपा आहे.

‘टर्की’ हे इंग्रजी उच्चाराचे देवनागरीकरण असून मराठीला त्याची गरज नाही. घरातल्या ‘टर्किश टॉवेल’पुरते ते रूप रुळले आहे, ते तिथेच राहू द्यावे. ‘तुर्की’ची गोष्ट वेगळी आहे. मराठीत इराणवरून इराणी आणि अफगाणिस्तानावरून अफगाणी, तसे तुर्क किंवा तुर्कस्तान यांवरून ‘तुर्की’ हे विशेषण होते. तुर्की भाषा, तुर्की कॉफी, तुर्की टोपी. हिंदीत मात्र ‘तुर्की’ हेच देशाचे नाव आहे आणि हिंदी वृत्तवाहिन्यांच्या मार्गाने ते गेल्या काही वर्षांत मराठीत शिरले आहे. विशेषणाला देशाचे नाव केले की विशेषणाच्या जागी काय वापरायचे, असा पेच उभा राहतो आणि मग ‘तुर्कीची भाषा’, ‘तुर्कीचे सैन्य’ अशी ओढूनताणून केलेली रचना करावी लागते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: देश तुर्कस्तान, आणि भाषा व विशेषण तुर्की.

‘तुर्किये’ हे रूप चुकीचे नाही. तुर्की भाषेत देशाचे नाव तेच आहे. त्या देशाच्या विनंतीवरून संयुक्त राष्ट्रांनी जून २०२२ मध्ये आपल्या कामकाजात ते स्वीकारले, त्यामुळे करारनामे, अधिकृत निवेदने आणि परराष्ट्र व्यवहाराच्या बातम्या यांत ते वापरणे रास्त आहे. मात्र तो आग्रह मुख्यतः इंग्रजी नावाविरुद्ध होता, कारण इंग्रजीत देशाचे आणि एका पक्ष्याचे नाव एकच पडते. ‘तुर्कस्तान’ या नावात असा कोणताही उपमर्द नाही. तुर्कांचा देश एवढाच त्याचा अर्थ आहे. आपण जर्मनीला तिच्या भाषेतील नावाने हाक मारत नाही आणि ग्रीसलाही नाही, आणि त्यात आपल्याला अनादर वाटत नाही.

आता रूम. हा शब्द मुळात ‘रोम’ आहे. रोमन साम्राज्याची राजधानी इसवी सन ३३० मध्ये बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठी, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या जागी, आली आणि पश्चिमेकडील रोम पडल्यावरही पूर्वेकडील राज्य हजार वर्षे टिकले. ज्याला इतिहासकारांनी पुढे बायझंटाईन हे नाव दिले, त्या साम्राज्याचे लोक स्वतःला अखेरपर्यंत रोमनच म्हणवत होते, त्यांची भाषा ग्रीक असली तरी. अरब आणि इराणी शेजाऱ्यांनी त्यांना तेच नाव दिले, म्हणून त्यांचा मुलूख झाला ‘रूम’. १०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाईन सम्राटाचा पराभव केला आणि ते आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात पसरले. मुलूख जिंकला तरी मुलखाचे नाव जुनेच राहिले. म्हणूनच कोन्याचे तुर्क सुलतान ‘रूमचे सुलतान’ झाले आणि आजच्या अफगाणिस्तानातील बल्खकडून आलेल्या एका कुटुंबातला, कोन्यात स्थायिक होऊन १२७३ मध्ये तिथेच देह ठेवणारा कवी जलालुद्दीन ‘रूमी’ या नावाने जगाला माहीत झाला. रूमी म्हणजे रूमचा रहिवासी, इतकेच.

पुढे उस्मानी (म्हणजे ऑटोमन) तुर्क चौदाव्या शतकात सामुद्रधुनी ओलांडून युरोपात गेले. समोर जे लोक होते ते अजूनही ‘रूम’ होते, म्हणून त्या युरोपीय मुलखाला नाव पडले ‘रुमेली’, रूम लोकांची भूमी. आशियाकडचा भाग ‘अनादोलू’ झाला. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सूर्योदयाची दिशा, म्हणजे आपल्या ‘उगवती’सारखा. अशा रीतीने एकच शब्द दोन-तीनशे वर्षांत एका खंडातून दुसऱ्या खंडात गेला. बॉस्फरसच्या अगदी अरुंद जागी, जिथे पाण्याची रुंदी जेमतेम ७०० मीटर आहे, समोरासमोर दोन किल्ले उभे आहेत: पूर्वेकडे अनादोलू हिसार आणि पश्चिमेकडे रुमेली हिसार. दुसरा किल्ला सुलतान मेहमद दुसरा याने १४५२ मध्ये बांधला आणि पुढच्याच वर्षी २९ मे रोजी शहर घेतले. त्यानंतर त्याने ‘कैसर-ए-रूम’ ही पदवीही धारण केली, म्हणजे ज्यांचे राज्य बुडवले त्यांच्या नावाचा वारसाही आपल्याकडे घेतला.

आजच्या तुर्की भाषेत ‘रूम’चा अर्थ आणखी आकसला आहे. ग्रीस देशाच्या नागरिकाला तिथे ‘युनान’ म्हणतात आणि तुर्कस्तानातल्या जुन्या ग्रीक ख्रिस्ती रहिवाशाला ‘रूम’. १९२३ मध्ये दोन्ही देशांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल केली, तेव्हा सुमारे १२ लाख ग्रीक ख्रिस्ती ग्रीसचे रहिवासी झाले. इस्तंबूलच्या रूम लोकांना त्यातून वगळले होते, पण आता त्यांची संख्या फारच थोडी उरली आहे. ज्या शब्दाने एकेकाळी अर्धे जग ओळखले जाई, तो एका मूठभर समाजाचे नाव होऊन राहिला आहे, हे मला कोणत्याही लढाईच्या वर्णनाहून अधिक बोलके वाटते.

पुरवणी प्रश्न

फार उपयोगी उत्तर, मनापासून आभार. दोन शंका उरतात. मध्य आशियालाही तुर्कस्तान म्हणतात ना? मग घोटाळा होणार नाही का? आणि आपल्या जुन्या मराठीत या देशाला काय म्हणत असत?

प्रतिसाद

पहिली शंका रास्त आहे. रशियन साम्राज्याने १८६७ मध्ये ताश्कंद राजधानी असलेला जो प्रांत केला त्याचे नाव तुर्कस्तानच होते आणि कझाकस्तानात त्या नावाचे शहर आजही आहे. तुर्की भाषेतही मध्य आशियाला ‘तुर्किस्तान’ आणि स्वतःच्या देशाला ‘तुर्किये’ असा भेद केला जातो. त्यामुळे बाबर किंवा तैमूर यांच्याविषयी लिहिताना ‘मध्य आशियातील तुर्कस्तान’ असे फोडून लिहावे. इस्तंबूलवरील लेखात मात्र वाचक गोंधळेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर जास्त रंजक आहे. जुन्या मराठीत ‘तुर्क’ किंवा ‘तुरूक’ हा शब्द देशवाचक नव्हताच. तो मुसलमान या अर्थाने सर्रास येतो. सोळाव्या शतकातील एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या रचनेतला तुर्क इस्तंबूलचा नसून आपल्याच गावातला आहे. देशासाठी शब्द होता तो ‘रूम’ आणि बखरींत भेटते ती ‘रूमशाम’ ही जोडी, म्हणजे रूम व शाम, शाम म्हणजे सीरियाचा मुलूख. दूरदूरच्या पातशाह्यांची नावे घेताना ही जोडी सहज येते.

याचा डोळ्यांनी पाहता येण्यासारखा पुरावा विजापूरच्या बुरुजावर आहे. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली आणि तिच्यावरील लेखात ती ओतणाऱ्या महंमद नावाच्या कारागिराला ‘रूमी’ म्हटले आहे. तोफेचे तोंड जबडा पसरलेल्या सिंहाचे असून त्याच्या दातांत हत्ती सापडलेला दाखवला आहे. त्या काळी उस्मानी साम्राज्यातील तोफ ओतणारे आणि गोलंदाज दख्खनेत नोकरीस येत आणि त्यांना ‘रूमी’ हेच नाव मिळे. ‘तोफ’ हा शब्दही तुर्कीच. तिकडे ‘तोप’ म्हणजे चेंडू किंवा गोळा, आणि त्यावरून तोफ. आपल्याकडच्या एका टोपीने तर ही दोन्ही नावे जपली आहेत: गोंडा असलेल्या लाल टोपीला मराठीत आपण तुर्की टोपी म्हणतो आणि हैदराबादेत तिलाच रूमी टोपी म्हणत. तुर्कस्तानात मात्र १९२५ च्या कायद्याने ती टोपी घालण्यास बंदी झाली.

आणखी एक गोष्ट आपल्या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. उस्मानी दरबारातील माणसे स्वतःला ‘तुर्क’ म्हणवून घेत नसत. राज्याचे नाव उस्मान या मूळ पुरुषावरून होते आणि ‘तुर्क’ हा शब्द दरबारी बोलण्यात अनादोलूच्या अडाणी खेडुतासाठी वापरला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राष्ट्रवादी लेखकांनी त्या शब्दाला मान मिळवून दिला आणि २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली तेव्हा तोच देशाच्या नावात बसला. पुढे १९३४ मध्ये आडनावांचा कायदा झाल्यावर मुस्तफा केमाल यांना संसदेने ‘अतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले. म्हणून १४५३ च्या प्रसंगात ‘तुर्कस्तानचा सुलतान’ असे लिहू नये, ‘उस्मानी सुलतान’ लिहावे. ‘ऑटोमन’ हे उस्मान या नावाचेच युरोपीय तोंडी झालेले रूप आहे. आपल्याला मूळ नाव ओळखीचे असताना त्या वळणाने जाण्याचे कारण मला दिसत नाही.

आणखी एक प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. एक सावधगिरी सुचवतो. मराठी कोशांत एखाद्या शब्दापुढे ‘तुर्की’ अशी व्युत्पत्ती दिली असेल तर तो शब्द इस्तंबूलहून आला असे समजू नये. चाकू, कैची, बेगम, कुमक, मुचलका हे शब्द तुर्की कुळातील भाषांचे असले तरी आपल्याकडे ते मुख्यतः मध्य आशियातून, फारसीच्या हाताला धरून आले. ‘उर्दू’ हे भाषेचे नावही छावणी या अर्थाच्या तुर्की शब्दावरून आले असून आजच्या तुर्कस्तानात ‘ओर्दू’ म्हणजे सैन्य.

मला सर्वांत आवडणारा शब्द ‘चकमक’ आहे. तुर्की भाषेत ‘चाकमाक’ या क्रियापदात आघात करून ठिणगी पाडण्याचा अर्थ आहे आणि तेच नाम म्हणून आज तिथे सिगारेट पेटवण्याच्या लायटरचे नाव आहे. आपल्याकडे गारगोटीवर घासायचे पोलाद म्हणजे चकमक, आणि दोन तुकड्या एकमेकींवर आदळून क्षणभर ठिणग्या उडाव्यात तशी लहान लढाईही चकमक. लढाईचा अर्थ मराठीने आपल्या अंगणात वाढवला.

भाषांतरकाराला खरा धोका आहे तो दोन्हीकडे सारख्या दिसणाऱ्या अरबी शब्दांचा. तुर्कीत ‘मिसाफिर’ म्हणजे पाहुणा, आपला मुसाफिर मात्र वाटेवरच आहे. ‘इमारेत’ म्हणजे गोरगरिबांना अन्न देणारे धर्मादाय स्वयंपाकघर, त्यामुळे जुन्या मशिदीशेजारच्या ‘इमारेत’चे भाषांतर ‘इमारत’ असे केले तर जेवणाऱ्यांची पंगतच वाक्यातून उठून जाते. ‘फिरसात’ म्हणजे संधी, आपली फुरसत म्हणजे रिकामा वेळ. ‘तेकलिफ’ म्हणजे प्रस्ताव, आणि आपली तकलीफ सर्वांना ठाऊक आहे. आपल्या लेखात असे शब्द असतील तर एकेक तपासून पाहावेत.

पुरवणी प्रश्न

लेखात खरोखरच ‘सुलेमानिये मशिदीची इमारत, जिथे रोज शेकडो लोक जेवत’ असे वाक्य आहे! ते आता दुरुस्त करतो. शेवटचे विचारतो: बॉस्फरस, बॉसफोरस की बोस्पोरस? आणि अध्यक्षांचे आडनाव एर्दोगन की एर्दोआन?

प्रतिसाद

‘एर्दोआन’ लिहावे. १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्याने तुर्की भाषेने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली, तेव्हा काही नवी अक्षरे तयार केली गेली. त्यांपैकी डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण असलेला ‘ग’ जवळजवळ उच्चारला जात नाही, तो फक्त आधीचा स्वर लांबवतो. इंग्रजी छपाईत ती खूण गळते आणि मग आपण निष्ठेने तो ‘ग’ वाचतो.

सामुद्रधुनीचे ‘बॉस्फरस’ हे रूप मराठी भूगोलात रुळलेले आहे, तेच ठेवावे. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘बैलाचा उतार’, म्हणजे गुरे पाण्यातून पार होण्याची जागा. तुर्की माणूस मात्र रोजच्या बोलण्यात तिला नुसते ‘बोआझ’ म्हणतो. बोआझ म्हणजे घसा. त्या शब्दात तोच न उच्चारला जाणारा ‘ग’ आहे. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या या घशातून काळ्या समुद्राचे पाणी मार्माराच्या समुद्रात उतरते, १९७३ पासून तिच्यावर पूल आहे आणि २०१३ पासून तळाखालून रेल्वेही जाते. लेखात जिथे स्थानिक माणसाच्या तोंडचे वाक्य आहे, तिथे ‘बोआझ’ ठेवून कंसात ‘घसा’ हा अर्थ द्यावा, आणि इतरत्र सगळीकडे बॉस्फरस.