वृद्धाश्रमात रात्री आग लागली तर दोन मावश्यांनी काय करायचं?

खानापूरकर: दुमजली वृद्धाश्रम, २२ आजी-आजोबा. वर नऊजण, त्यातले चार अंथरुणाला खिळलेले. रात्रपाळीला दोनच मावश्या, जिना एक. स्टाफला नेमकं काय शिकवायचं?

निपाणीकर: दादा, शिकवण्याआधी त्या चौघांना तळमजल्यावर आणा. एकाला जिन्यावरून उतरवायला दोघी लागतात, म्हणजे तेवढा वेळ वर कुणीच नाही. मग दारांचं बघा. पेटलेल्या खोलीतल्यांना काढलं की दार लगेच ओढून घ्यायचं, नंतर शेजारच्या खोल्या. माणसं ज्वाळांआधी धुरानं जातात. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला आग तळघरात लागली, गुदमरले वरच्या मजल्यांवरचे रुग्ण. आणि बाहेरून दुसरा जिना करून घ्याच.

टिळकवाडीची सिस्टर: अंथरुणाला खिळलेल्यांना ओढून बाहेर न्यायला आपली सुती वाकळच बरी. सिंथेटिक ब्लँकेट पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. वाकळ पलंगाखाली घडी करून ठेवायची, कपाटात नको. जमिनीवर पसरून आजींना चादरीसकट तिच्यावर उतरवा. लघवीची पिशवी आधी पलंगाच्या दांडीवरून काढून पोटावर ठेवायची. घाईत हेच विसरतं, आणि ओढताना लघवीची नळी आत अडकवलेल्या फुग्यासकट खेचली जाऊन रक्त येतं. मग डोक्याकडची दोन्ही टोकं मुठीत पिळून, डोकं-खांदे जरा उचलून, मागं मागं चालत ओढायचं. ऑक्सिजन चालू असेल तर तो आधी बंद. सराव आजींवर नको, स्टाफपैकीच एकीला झोपवा.

शहापूरचा वायरमन: इन्व्हर्टर-बॅटरी जिन्याखाली असेल तर हलवा. तिथं पेटलं तर एकुलता जिनाच धुराडं होतो. ग्रीलला रात्री कुलूप नको. आतून किल्लीशिवाय उघडेल अशी कडी उंचावर बसवा, म्हणजे विसराळू आजोबाही बाहेर जाणार नाहीत. आग विझवायचा सहा किलोचा एबीसी (पावडरचा) सिलिंडर जेमतेम १५-२० सेकंद चालतो, कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीपुरता. त्याआधी ११२ ला फोन. आपण कर्नाटकात, म्हणून पत्ता आणि जवळची खूण कन्नडमध्ये लिहून फोनपाशी चिकटवा, घाबरल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. मॉक ड्रिल दिवसा दहाजणांना घेऊन केली तर काही कळत नाही. रात्रीच्या दोघीच, लाईट बंद, हातात घड्याळ. फाटकाशी फळा हवा : कोण दवाखान्यात, कोण लेकाकडे, रोज संध्याकाळी लिहायचं. नाहीतर रिकाम्या खाटेसाठी कुणीतरी धुरात परत शिरेल.

खानापूरकर: खाली दोन खोल्या सामानानं भरल्यात, त्या या आठवड्यात रिकाम्या करतो. इन्व्हर्टर जिन्याखालीच आहे.