नेपाळची वीज बांगलादेशात पोचते, मग दूधगंगेपलीकडची आमच्या मळ्यात का नाही?

कोगनोळीकर:
आमचा मळा दूधगंगेच्या अलीकडं, कर्नाटकात, कोगनोळी भागात. मेव्हण्याचा पलीकडं, महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. मधी नदी, तेवढीच. त्याच्या मोटारीला थ्री फेज असते तेव्हा माझ्याकडं नसते, आणि माझ्याकडं येते तेव्हा तो घोरत पडलेला असतो. ऊस दोघांचाही तसलाच. बिल दोघांनाही नाही: इकडं 10 एचपीपर्यंत फुकट, तिकडं 2024 पासून साडेसातपर्यंत.

परवा भाच्यानं मोबाईलवर बातमी दाखवली. नेपाळची वीज भारतातनं बांगलादेशाला जातेय म्हणे. तीन देश! मला दोन गोष्टी कळेनात. नेपाळातनं निघालेली वीज वाटेत बिहार-बंगालवाले वापरून टाकत नाहीत कशावरून? आणि तीन देशांचं जमतंय तर नदीवरनं एक वायर ओढायला आमचं काय अडलंय? सीमाप्रश्नावर जाऊ नका, त्याचं रामायण घरी रोज ऐकतोय.

निवृत्त ऑपरेटर, बेळगाव:
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. वायर कवाच ओढलीय. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बाकी देशाशी एका फ्रिक्वेन्सीत, म्हणजे एकाच ठेक्यात आलं. तवापासून तुमची आणि मेव्हण्यांची मोटार एकाच ग्रिडवर फिरते. थ्री फेज किती वाजता सोडायची ते मात्र ज्या त्या राज्याची वितरण कंपनी आपली मागणी आणि आपले फीडर, म्हणजे गावाकडं वीज नेणाऱ्या लाईनी, बघून ठरवते. तुमचं अडलंय ते वेळापत्रकात.

आता पहिला. डेअरीत तुम्ही सकाळी दूध घालता आणि कोल्हापुरात कोण तरी पिशवी घेतं. ती तुमच्याच म्हशीची असायला पाहिजे असं काही आहे का? मापानं घातलं, मापानं काढलं. तसंच हे. नेपाळच्या ढल्केबरपासून बिहारात मुझफ्फरपूरपर्यंत 400 केव्ही लाईन आहे. मुझफ्फरपूरला मीटर. तिथं नेपाळनं 40 मेगावॉट दिले की तिकडं बंगालमधल्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेडामाऱ्याच्या लाईनवर तेवढेच बांगलादेशाला द्यायचे. मीटरच्या पुढची गळती बांगलादेशाच्या खात्यावर. दर युनिटला 6.4 अमेरिकी सेंट.

करार 3 ऑक्टोबर 2024 ला काठमांडूत झाला. वीज द्यायची मुदत दरवर्षी 15 जून ते 15 नोव्हेंबर. गंमत बघा, पहिली वीज गेली ती 15 नोव्हेंबर 2024 ला, म्हणजे त्या वर्षीच्या शेवटच्या दिवशी. एक दिवस देऊन बंद! पुढची पाळी आली ती 2025 च्या जूनमध्ये. आणि 40 मेगावॉट म्हणजे किती? आपल्या हिडकल धरणाचं पॉवरहाऊस 32 चं आहे. बातमीच्या मानानं आकडा लहान, खरं रस्ता मोकळा झाला हे मोठं.

टिळकवाडीची वहिनी:
आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मोमोजवाला नेपाळी पोरगा आहे. तो सांगतो, लहानपणी त्यांच्याकडं हिवाळ्यात दिवसाला सोळा-अठरा तास लाईट नसायची. 2015 मध्ये सीमेवर ट्रक अडकले, तेव्हा गॅस मिळेना म्हणून आईनं इंडक्शन घेतलं. मी विचारलं, आता तुमच्याकडं वीज जास्त झाली होय? तर म्हणाला, पावसाळ्यात जास्त, थंडीत भारताकडूनच घेतो. हे कसं काय वो?

सौंदत्तीचा शंकेखोर:
सगळं गोड गोड चाललंय, म्हणून जरा मीठ टाकतो. 30 आणि 31 जुलै 2012 आठवा. उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळलं, निम्मा देश अंधारात. आपण वाचलो, कारण तेव्हा त्यांच्याशी एका फ्रिक्वेन्सीत जोडलेले नव्हतो. आता शेजारचे देशही गळ्यात बांधून घ्यायचे? शिवाय ज्या प्रकल्पात चीनचा पैसा आहे त्याची वीज भारत नेपाळकडून घेत नाही. मधल्या देशाच्या हातात स्विच, आणि नाव सहकार्याचं.

निवृत्त ऑपरेटर, बेळगाव:
वहिनी, नेपाळची बहुतेक पॉवरहाऊसं वाहत्या नदीवर आहेत. साठ्याचं म्हणावं तर कुलेखानी. पावसाळ्यात नदी फुगली की वीज सांडते, माघात नदी आटली की हात पसरावे लागतात. भूतानचं तेच. 336 मेगावॉटचा चुखा प्रकल्प आपण 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज देऊन बांधला, त्याची वीज आपणच घेतो आणि थंडीत उलटी त्यांना देतो.

सौंदत्तीकर, स्विचचं तुमचं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पडझडीचं मात्र तितकं सोपं नाही. भेडामाऱ्याला एचव्हीडीसी स्टेशन आहे, तिथं एसीची डीसी होते आणि परत एसी. दोन्ही ग्रिडची फ्रिक्वेन्सी वेगळी राहते, त्यामुळं एकीकडची घसरण सरळ दुसरीकडं जात नाही. नेपाळ-भूतान मात्र आपल्याशी थेट जोडलेत.

मला वेगळंच खटकतं. तुमच्या सौंदत्तीच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर जोरात, आणि नेपाळच्या नद्याही तेव्हाच. म्हणजे त्या महिन्यांत एकमेकांना द्यायला आहे, घ्यायला नाही. आपल्याकडनं त्यांना खरी उपयोगी पडणारी वीज म्हणजे हिवाळ्यातल्या दुपारची, पावगड्याच्या सोलरची. यावर कुणी बोलत नाही.

कोगनोळीकर:
डेअरीचं कळलं. खरं मला आता भलताच प्रश्न पडलाय. जवळजवळ दर उन्हाळ्यात कृष्णा आटली की कर्नाटकाचं पत्र महाराष्ट्राला जातं, कोयना-वारणेतनं पाणी सोडा म्हणून. मग कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याकडं डोळे लावून बसायचं. वीजवाल्यांनी तारीख, दर, मीटर कुठं, गळती कुणाची, सगळं लिहून ठेवलंय. आपल्या पाण्याचं असं का लिहीत नाहीत?

निवृत्त ऑपरेटर, बेळगाव:
बोलणी झालीत की. महाराष्ट्रानं वरनं कृष्णेत सोडायचं, कर्नाटकानं बदल्यात आपल्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेतनं सांगलीकडच्या जतला द्यायचं, असं. पुढचं पाटबंधाऱ्यातलं कोण इथं असेल तर त्यानं सांगावं, माझा हात विजेपुरता. आणि थ्री फेजच्या वेळा बदलून पाहिजे असतील तर फीडरवरचे सगळे शेतकरी मिळून अर्ज द्या. एकट्याच्या अर्जाला कोण विचारत नाही.