मणक्यांच्या फ्यूजननंतरही पाय बधिर राहतो

प्रश्न : कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांचे फ्यूजन (स्क्रू लावून मणके एकमेकांशी जोडण्याची शस्त्रक्रिया) होऊन वर्ष उलटले, तरी डाव्या पायाचा अंगठा बधिर आहे आणि मोजे घालायला वाकले की कळ येते. एक्स-रेमध्ये स्क्रू जागेवर दिसतात. मग हे दुखणे कशामुळे?

प्रतिसाद : स्क्रू जागेवर असणे आणि हाड जुळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हाड जुळले की नाही, हे सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसते, म्हणून सर्जनांना त्याबद्दल आवर्जून विचारा. धूम्रपान करत असाल तर कृपया थांबवा. त्याने हाड जुळण्यात अडथळा येतो.

प्रतिसाद : माझे हाड नीट जुळले होते, दुखत होता तो त्यावरचा सांधा, कारण जोडलेला भाग हलेनासा झाला की लगतच्या सांध्यांवरचा ताण वाढतो. फिजिओथेरपिस्टनी कमरेऐवजी खुब्यातून वाकायला शिकवले. मोजे मी आता खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून घालते. बधिरपणा मात्र पूर्ण गेलेला नाही, आणि नस दीर्घकाळ दबलेली असेल तर तो काही अंशी कायम राहू शकतो, हे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद : लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, जांघांमध्ये बधिरता आली किंवा पायातील ताकद झपाट्याने कमी झाली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठा.