नवमीचं पान : तुमच्याकडे कोणाचं असतं?

मोरपंखी
काल मंडईत गवार पावकिलो चाळीस! भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पक्ष लागलाय ताई, अमावास्येपर्यंत असंच." आणि एकदम आई आठवली.

आई सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षातलं तिचं श्राद्धाचं पान भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला. एरवी बाबा पाणीसुद्धा हातात मागणारे, पण त्या दिवशी सकाळपासून ओट्याशी उभे. "गवारीला ओवा घातलास ना? ती घालायची." शेजारच्या काकू सवाष्ण म्हणून जेवायला. बाबा त्यांना स्वतः वाढतात, ओटी मात्र मला भरायला लावतात. मग गच्चीवर पान. कावळा यायला वेळ लावतो. बाबा कठड्याशी जाऊन हळूच म्हणतात, "अगं ये, फ्लॅटचं कर्ज फिटलंय." दर वर्षी हेच! कर्ज फिटून जमाना झाला.

परवा गुरुजी बोलता बोलता म्हणाले, वडील आहेत तोवरच ही नवमी, पुढे सर्वपित्रीला सगळ्यांबरोबर. बाबा शेजारीच होते. म्हणाले, "म्हणजे मला तब्येत सांभाळायला हवी." ते काही डोक्यातून जात नाहीये. तुमच्याकडे काय करतात? आणि आईबद्दल आठवेल ते लिहा, नवमीचंच हवं असं नाही.

स्वाती२२
बाबा!! कुकर लावलाय, येते परत.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे बाबा गेल्यावरही नवमी चालूच आहे. कोणाला विचारलंच नाही, विचारलं की नाही म्हणतात. आईला स्वतंत्र ताट आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, सगळ्यांचं झाल्यावर कढईतच भात कालवून खायची. आता एक दिवस तिचा एकटीचा, तो काय म्हणून सोडायचा?

जुई_जाई
मी दुसऱ्या बाजूने सांगते. मी जेवायला जाणारी सवाष्ण. खालच्या मजल्यावरचे आजोबा दर नवमीला बोलवायचे. सासूबाई आधी कुरकुरल्या, गेलेल्या बाईच्या नावाने कशाला जेवायचं म्हणून. मी गेले. पाटाभोवती वेडीवाकडी रांगोळी, आजोबांनीच काढलेली. पुरणात वेलदोडा कमी की जास्त, हे माझ्या चेहऱ्यावर बघत बसायचे. आजींना मी पाहिलेलंही नाही, पण त्यांना कारलं आवडायचं नाही, पाय दुखायचे, लग्नात त्या रुसल्या होत्या, सगळं मला ठाऊक. जेवताना तेच बोलायचे ना. आजोबा गेले. मुलगा बाहेरदेशी, फ्लॅट विकला. नवमीला मला अजून दुपारी उगाच भूक लागते.

स्वाती२२
जुई, काय लिहिलंयस गं. आले होते माझं लिहायला, आता राहू दे.

नास्तिक_नाना
आमच्याकडे पान नाही, कावळा नाही. आईने देहदानाचा फॉर्म भरून कपाटाला आतून चिकटवून ठेवला होता, साड्या काढताना रोज दिसेल असा. गेली त्या रात्री आधी डोळ्यांसाठी फोन करायचा होता, सहा तासांच्या आत, तो मी केला. माणसं आली, वीस-पंचवीस मिनिटांत काम उरकून गेली. पापण्या मिटलेल्या, काही कळतसुद्धा नाही. सकाळी वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी. अस्थी नाहीत, राख नाही, घाटावर जाणं नाही. नातेवाईक दहाव्याला काय करायचं म्हणून अडले. आत्याने शेवटी भजी तळली. आईला भजी आवडायची, एवढाच विधी.

मोरपंखी
नाना, आत्याला नमस्कार सांगा.

सदूभाऊ
गयेला जाऊन आलो. तिथे मातृषोडशी म्हणून विधी आहे, फक्त आईसाठी सोळा पिंड. प्रत्येक पिंडाला तिचा एकेक त्रास सांगतात. पोटात वागवलं तो, कळा सोसल्या तो, माघातली थंडी अन् उन्हाळा काढला तो, रात्री बाळाने तिचं लुगडं ओलं केलं तोही. गुरुजी मराठीत अर्थ सांगत होते. माझ्या शेजारी एक मिशाळ गृहस्थ, सगळ्यांवर डाफरत आलेले. लुगड्याच्या पिंडाला ढसाढसा रडायला लागले. गर्दी वाईट होती, हॉटेल त्याहून वाईट. गुजरातेत सिद्धपूरला, बिंदू सरोवरावरही आईचं श्राद्ध करतात. तिकडचं कोणी सांगितलं तर बरं, बहिणीला जायचंय.

चिमणीची_आई
आई गेल्यावर चार महिन्यांनी लेक झाली. बाळंतपणाला माहेर कुठून आणणार. अळिवाचे लाडू काकूने कुरियरने पाठवले, सगळा भुगा झाला होता, चमच्याने खाल्ले. रात्री तीनला लेक रडायची तेव्हा मला आईचा रागच यायचा. हीच वेळ मिळाली का जायला. कोणाला बोलले नाही कधी. आता लेक झोपेत एक पाय पांघरुणाबाहेर काढते, सेम आई. उठली वाटतं, पळते.

वऱ्हाडी_ठेचा
राग मलाही आला होता. डबेवर डबे लोणचं घालून ठेवलं आणि गेली, आता ते संपवायचं कोणी?

पावसाळी_गाव
सिएटलकडे असते. इथे बॉथेलला विद्यापीठाच्या आवारात थंडीत संध्याकाळी कावळे उतरतात, शेकडो नाही, हजारो. आभाळ काळं. लोक मुद्दाम बघायला येतात. पहिल्यांदा पाहिलं आणि वाटलं, आईला दाखवायला हवं होतं, म्हणाली असती, "एवढे पितर! वाढायचं कोणी?" तरी आमच्या डेकवर पान ठेवलं की खार येते. खारीला शिवला म्हणायचं का?

नास्तिक_नाना
खार चालते. सेतू बांधला होता तिने, तिला कोण नाही म्हणणार.

सदूभाऊ
नाना, तुम्ही पुराणातले दाखले देताय?

नास्तिक_नाना
आईकडून ऐकलेलं आहे, पुराणातलं नाही.

स्वाती२२
थोडक्यात लिहिते. आईचं नाव रेशनकार्डातून कमी करायचं होतं. खिडकीतल्या बाईंनी दाखला बघितला आणि विचारलं, "मोठ्या होत्या का?" मी म्हटलं, साठच्या. त्या म्हणाल्या, "मग नाही मोठ्या." आणि मान खाली घालून लिहायला लागल्या. एवढंच.

मोरपंखी
बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवतेय. जुईच्या पोस्टला उठून बाल्कनीत गेले. वऱ्हाडी_ठेचा यांचं ऐकून म्हणाले, "बघ, चालू ठेवतात लोक." आणि खारीवर म्हणाले, खारीला आमसुलाची चटणी घालू नका.

पावसाळी_गाव
अय्यो, चटणीच विचारायची होती. आमसुलं भिजवून वाटताना गूळ किती? आणि इथे गवार फ्रोजन मिळते, चालेल ना?

जुई_जाई
चालते गं. गूळ चव बघत घाल, जिरं आणि मिरची विसरू नकोस. ओवा मोरपंखीच्या आईसारखा.