केटल अर्ध्यावरच बंद पडते: उघडायची की टाकायची?

अर्धाकप
आमची इलेक्ट्रिक केटल सहा वर्षांची आहे. स्टीलची, दीड लिटरची, १५०० वॉटची. दोन आठवड्यांपासून तिचे नखरे चालू आहेत. बटण दाबलं की दिवा लागतो, पाण्याचा आवाज सुरू होतो आणि उकळी यायच्या आतच टक्! बटण वर. लगेच दाबलं तर बसत नाही. पाच मिनिटांनी बसतं, मग पुन्हा तेच.

घरात दोन पक्ष पडलेत. मी म्हणतो दुरुस्त करू. बायको म्हणते, "वीज आणि पाणी एकाच भांड्यात आहे, तिथे तुझे प्रयोग नकोत." तुम्ही काय केलं असतं?

सरळमार्गी
टाका. वहिनींचं बरोबर आहे. सहा वर्षं चालली, पैसे वसूल झाले. आता चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला?

मी एकदा हा मोह केला होता. आमची केटल चालूच होईना, म्हणून ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे दिली. तासाभरात परत मिळाली, चालूही झाली. मी खूश. दुसऱ्या दिवशी लावून आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर स्वयंपाकघरात धुकं, खिडकीच्या काचेवरून ओघळ, आणि केटलमध्ये बोटभर पाणी तडतडतंय. त्या बाबाने आतलं सगळं काढून वायर डायरेक्ट जोडली होती. बंद होण्याची सोयच उरली नव्हती. तेव्हापासून कानाला खडा.

पेचकस
सरळमार्गी, तो दोष त्या माणसाचा, दुरुस्तीचा नाही. डॉक्टर चुकला म्हणून औषध सोडता का?

अर्धाकप, आधी एक सांगा: आत तळाला पांढरा थर आहे का? विचारण्याचं कारण असं. केटल बंद करणाऱ्या गोष्टी दोन ठिकाणी असतात. एक बटणाजवळ. पाणी उकळलं की वाफ एका बारीक वाटेने तिथल्या द्विधातूच्या चकतीवर जाते. दोन वेगळ्या धातूंचे पत्रे एकावर एक चिकटवलेले असतात, तापल्यावर ते कमीजास्त प्रसरण पावतात आणि चकती टकदिशी उलटी होते. तुम्ही ऐकता तो टक् हाच. वाफेवर आपोआप बंद होणारी केटल काही आजची नाही, रसेल हॉब्जची के-१ १९५५ची.

तशीच चकती खाली तळपत्र्यालाही चिकटून असते, पाणी नसताना केटल लावली तर वाचवायला. क्षारांचा थर साचला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, पत्रा जास्त तापतो आणि खालच्या चकतीला वाटतं केटल रिकामी आहे. ती बंद करते. पाच मिनिटांनी पत्रा गार झाला की बटण बसतं. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे. केटल बिघडलेली नाही, घाण झाली आहे.

अर्धाकप
थर आहे. खरं तर तळाचं स्टील दिसतच नाही. मला वाटलं होतं तिचा रंगच तसा आहे.

सरळमार्गी
😂 हे घ्या.

पेचकस
अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड. केटल लावायची नाही, नुसतं अर्धा तास ठेवायचं. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. नंतर दोनदा स्वच्छ पाणी उकळून फेकायचं. चाकूने खरवडू नका.

नवंकोरं
एवढा खटाटोप कशाला? जुन्या केटल वीज खातात. नवीन मॉडेल घ्या, बिलात फरक पडेल.

मेगर
नवंकोरं, हे चूक आहे. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.०८७ युनिट. केटल आजची असो नाहीतर वीस वर्षांपूर्वीची. तिच्यातलं एलिमेंट सगळ्या विजेची उष्णताच करतं, त्यात सुधारायला काही उरलेलंच नाही. थोडी उष्णता भांड्याच्या अंगातून आणि वाफेतून जाते, एवढंच. वीज वाचवायची असेल तर एका कपासाठी दीड लिटर उकळू नका.

बाकी मी दोन्ही पक्षांत नाही. बिघाड कुठे आहे ते बघून ठरवतो. क्षार, झाकणाची कडी, तुटलेलं बटण, खराब वायर: जरूर दुरुस्त करा. पाणी खाली झिरपतंय, ब्रेकर ट्रिप होतोय, प्लास्टिक वितळलंय: विषय संपला. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. चीर पडली की ती ओल शोषते आणि वीज बाहेरच्या धातूवर येऊ शकते. हे घरच्या मल्टिमीटरवर बऱ्याचदा दिसतही नाही, कारण तो थोड्याशा व्होल्टवर मोजतो. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट लावून वीज कुठे गळतेय का ते तपासणारं यंत्र, लावला तर कळतं. "मल्टिमीटरवर ठीक आहे" म्हणून लोक निर्धास्त होतात, त्याची मला जास्त भीती वाटते.

सरळमार्गी
म्हणजे शेवटी माझंच. घरोघरी मेगर कुठे असतो?

पेचकस
नसतो. पण थर काढायला मेगर लागत नाही. तुमच्या नियमाने तर ही केटल केवळ अस्वच्छ म्हणून भंगारात गेली असती. स्टील, तांबं, तीन प्रकारचं प्लास्टिक, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. भंगारवाला स्टील ओरबाडून घेतो, उरलेलं कचऱ्यात.

आळशी_मांजर
माझं गॅसवरचं पातेलं अकरा वर्षांत एकदाही बिघडलं नाही, एवढं नोंदवून झोपायला जाते.

अर्धाकप
ताजी खबर. थर निघाला, तळ आरशासारखा झाला. तीन वेळा लावली, तिन्ही वेळा पूर्ण उकळून मगच बंद. मी विजयी मुद्रेने केटल हातात घेऊन फिरत होतो, तेवढ्यात बायकोने खालची बैठक उलटी करून दाखवली. मधल्या गोल खुंटीभोवती प्लास्टिक तपकिरी झालंय, एका जागी फुगलंय. वासही येतो, जळक्या रबरासारखा. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं.

मेगर
वापर थांबवा. आत्ताच.

हे थराचं नाही. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. खुंटीचा संपर्क झिजून तिथे नुसता ०.१ ओहम रोध आला, तरी चार वॉटच्या वर उष्णता त्या चिमूटभर जागेत होते. दर वेळी. त्यातून संपर्क आणखी बिघडतो, आणखी तापतो.

पेचकस
मान्य, ही बैठक गेली. पण बैठक सुटी मिळते. त्याच मॉडेलची आणा, केटल तशीच ठेवा.

सरळमार्गी
म्हणजे रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला. खुंटीची जोडी केटलच्या पोटात आहे ना? ती पण तेवढीच काळी पडली असणार. जुन्या संपर्कावर नवी बैठक लावली तर तीही जळेल.

पेचकस
हे मात्र बरोबर बोललात. दोन्ही बाजू एकदमच बदलायला हव्यात. आणि केटलकडची बाजू म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये खालच्या चकत्यांसकट एकच डबी असते. ती काढायची तर तळ उघडावा लागतो. बदलली की अर्थिंग, रोध, गळती सगळं तपासून मगच लावायची. मी केलं असतं. ज्याने आधी कधी केलं नाही त्याला करायला सांगणार नाही.

सरळमार्गी
एवढं कबूल करायला इतके प्रतिसाद लागले!

पेचकस
थराबद्दल बोलत होतो तेव्हा थराबद्दल बरोबरच होतो. तुम्ही पहिल्याच प्रतिसादात न बघता "टाका" म्हणालात. बैठक खराब निघाली हा तुमचा अंदाज नव्हता, नशीब होतं.

सरळमार्गी
नशीब का असेना, पण ज्या केटलचा तळ सहा वर्षांत कोणी पाहिला नाही, तिची बैठक तरी कोण पाहणार होतं? सगळे तुमच्यासारखे नसतात हो. बहुतेक लोक वास आला की खिडकी उघडतात.

मेगर
यावर मात्र सरळमार्गींना +१.

अर्धाकप
नवी आणली. बायकोने निवडली, आत शिरून तळ घासता येईल इतकं रुंद तोंड बघून. जुनी माझ्या ताब्यात मिळाली आहे, प्लग पुन्हा कधीही लावायचा नाही या अटीवर. वायर मी स्वतःच कापली. काल रात्री तळ उघडायला बसलो तर तीन स्क्रूंपैकी दोन साधे आणि तिसऱ्याचं तोंड त्रिकोणी. पेचकस, यासाठी काय वापरता?